वाचनालयांच्या लिनक्स संगणकांवर प्रोग्रॅम पोचवताना: दहा आठवड्यांच्या नोंदी

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

सातारा जिल्ह्यातल्या पाच सार्वजनिक वाचनालयांसाठी मी दोन वर्षांपासून एक छोटा प्रोग्रॅम लिहिते आहे. दाखल नोंदवही, सभासद, देवघेव, थकलेली वर्गणी आणि वर्षअखेरचा अहवाल एवढंच त्यात आहे. पायथन ही भाषा, खिडक्या-बटणांसाठी पायक्यूटी ५ (क्यूटी या संचाची पायथनमधली जोडणी) आणि नोंदींसाठी एसक्यूलाइट हा डेटाबेस यांवर तो चालतो. आतापर्यंत मी स्वतः जाऊन फोल्डर कॉपी करत होते आणि टर्मिनलमध्ये चार आज्ञा देऊन तो बसवत होते. एक दुरुस्ती झाली की पाच फेऱ्या. पुण्याहून जाऊन-येऊन प्रत्येक वेळी अख्खा शनिवार जातो.

आता आणखी वाचनालयं विचारू लागली आहेत. विंडोज १० चा आधार येत्या मंगळवारी, १४ तारखेला संपतो आहे, आणि ‘ड’ म्हणजे सर्वांत लहान वर्गाच्या वाचनालयाला नवा संगणक घेणं परवडत नाही. तेच जुनं यंत्र लिनक्स मिंट या मोफत प्रणालीवर (ती उबुंटू या लिनक्सवर उभी आहे) नीट चालतं. पण पुढची पाच वाचनालयं मी अशी हाताने सांभाळू शकणार नाही. ग्रंथपालाला स्वतःला बसवता यावा आणि नवी आवृत्ती आपोआप यावी, एवढी दोन कामं मला या हिवाळ्यात पुरी करायची आहेत.

यंत्रं अशी आहेत. दोन ठिकाणी मिंट २२, एका ठिकाणी मिंट २१.३, एका ठिकाणी मिंट २० (याची मुदत एप्रिलमध्येच संपली) आणि पाचव्या ठिकाणी देणगीत आलेला ३२ बिटी संगणक, त्यावर मिंटचीच डेबियन या लिनक्सवर आधारलेली आवृत्ती, एलएमडीई ५. ब्रॉडबँड दोनच ठिकाणी आहे. बाकी तिन्हीकडे ग्रंथपालांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट.

प्रोग्रॅम पोचवायचे चार पर्याय दिसतात: डेब (डेबियन-उबुंटूचं स्वतःचं पॅकेज), अ‍ॅपइमेज (सगळं एका फाइलीत), फ्लॅटपॅक आणि स्नॅप (दोन्ही वेगवेगळ्या लिनक्सवर चालणारी, बंदिस्त पॅकेजं). सुरुवात अ‍ॅपइमेजने करते आहे. एकच फाइल, पेन ड्राइव्हवर घालून द्यायची, दोनदा क्लिक केली की प्रोग्रॅम सुरू. मोबाइलच्या इंटरनेटवर भागवणाऱ्यांना हेच सोयीचं जाईल असं वाटतं.

रविवार, १२ ऑक्टोबर

पायइन्स्टॉलर या साधनाने सगळं एका फोल्डरात गोळा केलं आणि त्यापासून अ‍ॅपइमेज बांधलं. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आहे. तिथेच ते उघडलं नाही, कारण अ‍ॅपइमेजला लागणारं लिबफ्यूज २ हे पॅकेज नव्हतं. उबुंटूने २२.०४ पासून ते मूळ बसवणीत ठेवलेलं नाही, आणि २४.०४ मध्ये त्या पॅकेजच्या नावाला शेवटी ‘टी६४’ जोडलं गेलं आहे. त्यामुळे जुन्या सूचना वाचून जुन्या नावाने शोधत बसलं की अर्धा तास जातो. माझा गेला.

नंतर मिंट २१.३ चं आभासी यंत्र (लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा संगणक) उभं केलं. तिथे फ्यूजची अडचण आली नाही, पण प्रोग्रॅम सुरू होताच पडला: ‘जीलिबसी_२.३८ सापडत नाही’. कारण साधं आहे. जीलिबसी ही लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रॅमना लागणारी मूळ सामग्री. २४.०४ मध्ये जीलिबसी २.३९ आहे आणि मिंट २१ मध्ये २.३५. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्यावर चालतो, नव्यावर बांधलेला जुन्यावर चालत नाही. सगळं पोटात घेऊन फिरणारी फाइल असं अ‍ॅपइमेजबद्दल आपण म्हणतो, पण जीलिबसी त्या पोटात नसते, ती ज्याच्या त्याच्या यंत्रावरचीच वापरली जाते.

मंगळवार, १४ ऑक्टोबर, रात्री

उपाय: आपल्याला जी सर्वांत जुनी प्रणाली सांभाळायची आहे तिच्यावर बांधायचं. उबुंटू २०.०४ चा (मिंट २० याच्यावरच उभं आहे) डॉकर कंटेनर, म्हणजे बंदिस्त छोटी प्रणाली, घेतला, त्यात जीलिबसी २.३१ आहे. पण त्यातलं पायथन ३.८, म्हणून पायथन ३.११ स्रोतावरून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधून घेतलं. रात्रीचे अडीच तास गेले, पण अ‍ॅपइमेज मिंट २०, २१ आणि २२ तिन्हींवर उघडलं.

आकार ९० एमबीच्या पुढे गेला होता. क्यूटीचे जे भाग आपण वापरत नाही ते काढून टाकले आणि तो ६० च्या आत आणला. हे काढताना काय काढतो आहोत ते एकेक करून तपासलं नाही. त्याची किंमत पुढच्या नोंदीत आहे.

शनिवार, १८ ऑक्टोबर

पहिली फेरी, मिंट २२ असलेल्या वाचनालयात. ग्रंथपाल काकांना मी मुद्दाम काही सांगितलं नाही. पेन ड्राइव्ह हातात दिला आणि बाजूला बसले.

काकांनी फाइलवर दोनदा क्लिक केलं. काहीच झालं नाही. पुन्हा केलं. “ताई, ही फाइल खराब आहे का?”

फाइल चांगली होती. पेन ड्राइव्ह एफएटी ३२ चा होता. त्यावर ‘ही फाइल चालवता येते’ ही खूण साठतच नाही. लिनक्सचा डेस्कटॉप असा पेन ड्राइव्ह जोडतो तेव्हा विंडोजच्या ईएक्सई, कॉम, बॅट अशा फाइलींनाच चालवण्याची परवानगी देतो. म्हणजे अ‍ॅपइमेज आधी होम फोल्डरात कॉपी करायचं, मग गुणधर्मांत जाऊन परवानगीची खूण करायची. माझ्या लॅपटॉपवर फाइल आधीपासून होममध्येच होती, म्हणून हे कधी लक्षात आलं नाही.

तेवढं करून प्रोग्रॅम उघडला. काका ‘नवीन पुस्तक’ मध्ये गेले आणि शीर्षक टाइप करू लागले, तर सगळं इंग्रजीत. कळफलक बदलून पाहिला, लॉगआउट करून पाहिलं. लिब्रेऑफिसमध्ये मराठी येत होतं, आमच्या प्रोग्रॅममध्ये येत नव्हतं. मराठी वाचनालयाच्या प्रोग्रॅममध्ये मराठी टाइप होत नाही, हे पाहून मला फार वाईट वाटलं. काका काही बोलले नाहीत, चहा सांगितला.

घरी येऊन कारण सापडलं. आकार कमी करताना मी क्यूटीचं ‘प्लॅटफॉर्मइनपुटकॉन्टेक्स्ट्स’ नावाचं फोल्डर काढून टाकलं होतं. आयबस ही वेगवेगळ्या लिप्या टाइप करायची सोय; तिच्याशी बोलणारा प्लगइन (जोडभाग) त्यातच असतो. मी स्वतः एक्सकेबीचा ‘मराठी कागापा’ कळफलक वापरते. तो थेट प्रणालीच्या पातळीवर चालतो, त्याला प्लगइन लागत नाही. काका आयबसमधून मराठी लिहितात. माझ्या टेबलावरच्या चाचणीत हा दोष कधी दिसलाच नसता.

शनिवार, २५ ऑक्टोबर

दिवाळीचे चार दिवस काम बंद होतं. आज ते फोल्डर परत घातलं, आयबसवर मराठी येतं. पण मिंट २१.३ च्या वाचनालयात आयबसऐवजी फ्सिटिक्स ही तशीच दुसरी सोय आहे, आणि पायक्यूटीच्या तयार पॅकेजात फ्सिटिक्सचा प्लगइन नसतो. तो वेगळा बांधून, क्यूटीच्या नेमक्या आवृत्तीशी जुळवून घालावा लागेल.

३२ बिटी यंत्राचंही आज नीट पाहिलं. लिनक्सच्या ३२ बिटी यंत्रांसाठी पायक्यूटी ५ ची तयार पॅकेजं पिपवर (पायथनची पॅकेजं उतरवायचं साधन) मिळत नाहीत. म्हणजे त्या एका यंत्रासाठी सगळं स्रोतावरून बांधायचं. अ‍ॅपइमेजवरचा विश्वास आज बराच कमी झाला.

शनिवार, १ नोव्हेंबर

सकाळी मिंट २२ च्या दुसऱ्या वाचनालयातून फोन. “मॅडम, कालपर्यंत चालत होतं, आज सभासदांची यादी उघडत नाही.”

व्हिडिओ कॉलवर त्यांचा स्क्रीन पाहिला. डाउनलोड्समध्ये अ‍ॅपइमेजच्या तीन आवृत्त्या होत्या, चौथी डेस्कटॉपवर. मी दर वेळी नवी फाइल पाठवत होते आणि तिथल्या ग्रंथपाल ताई प्रत्येक फाइल जपून ठेवत होत्या. कालच्या नव्या आवृत्तीने डेटाबेसमध्ये एक स्तंभ वाढवला. आज त्यांनी चुकून जुनी फाइल उघडली आणि ती नव्या डेटाबेसवर अडखळली.

नोंदी सुरक्षित होत्या. तरी दोन गोष्टी लगेच केल्या. डेटाबेसच्या आवृत्तीचा आकडा आता प्रोग्रॅम सुरू होताना तपासला जातो, आणि जुनी आवृत्ती नवा डेटाबेस उघडायला नकार देते. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे अ‍ॅपइमेज थांबवलं. ज्याला स्वतःच्या फाइली नीट लावता येतात त्याच्यासाठी ते उत्तम आहे. इथे माझं सगळं काम ‘कुठली फाइल उघडायची’ हे पाच जणांना समजावण्यात जाईल. आतापर्यंत या वाटेवर साधारण २८ तास गेले.

रविवार, २ नोव्हेंबर

स्नॅपचा विचार दुपारी दोन तासांत संपला. मिंटने २०२० मध्ये, आवृत्ती २० पासून, स्नॅपडीवर (स्नॅप चालवणारा भाग) मुद्दाम अडसर घातला आहे. एप्ट या पॅकेजं बसवणाऱ्या साधनाच्या पसंतीच्या फोल्डरात ‘नोस्नॅप’ नावाची फाइल असते, ती काढल्याशिवाय स्नॅपडी बसत नाही. माझे चार वापरकर्ते मिंटवरच आहेत. त्यांना आधी ती फाइल काढायला सांगायची असेल तर सोपेपणा कुठे राहिला?

संध्याकाळी डेब सुरू केलं, आणि एक गोष्ट लक्षात आली जी पहिल्याच दिवशी लक्षात यायला हवी होती. आमचा प्रोग्रॅम निव्वळ पायथन आहे. त्यात यंत्राच्या भाषेत बांधलेलं काहीच नाही. म्हणून पॅकेजची माहिती देणाऱ्या कंट्रोल फाइलमध्ये ‘आर्किटेक्चर: ऑल’ लिहिलं की एकच डेब ६४ बिटी आणि ३२ बिटी दोन्हींवर चालतं. क्यूटी, पायक्यूटी, फ्सिटिक्स, आयबस हे सगळं त्या त्या प्रणालीचं स्वतःचं, एकमेकांशी आधीच जुळवलेलं. आमच्या पॅकेजचा आकार ४०० केबीसुद्धा भरत नाही.

जीलिबसी, प्लगइन आणि ३२ बिटी हे तिन्ही प्रश्न एका ओळीने सुटले. तीन आठवडे मी क्यूटीचं ओझं उचलून नेत होते, आणि ते प्रत्येक गावात त्या त्या प्रणालीच्या भांडारात आधीपासून ठेवलेलं होतं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आठवडाभर रोज रात्री तासभर. झालेल्या चुका इथे मांडते, कारण हाताने डेब बांधणाऱ्या प्रत्येकाकडून यातल्या दोन-तीन तरी होतातच.

फाइलींची मालकी. डीपीकेजी-डेब या बांधणीच्या साधनाने सरळ बांधलं तर फाइलींवर माझ्या खात्याचा क्रमांक, १०००, तसाच राहतो. वाचनालयातल्या पहिल्या खात्याचाही क्रमांक १०००. म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ फाइली तिथे कोणीही न विचारता बदलू शकलं असतं. ‘रूट-ओनर-ग्रुप’ हा पर्याय दिला की सगळं रूट या मुख्य खात्याच्या नावावर जातं.

अवलंबित पॅकेजं. मी ‘पायथन३-पायक्यूटी५’ एवढंच लिहिलं होतं. नव्याकोऱ्या आभासी मिंटवर प्रोग्रॅम उघडेचना, कारण पुस्तकाच्या कण्यावरची चिठ्ठी आम्ही क्यूटीच्या एसव्हीजी भागाने काढतो आणि डेबियनमध्ये तो भाग वेगळ्या पॅकेजात आहे. माझ्या लॅपटॉपवर तो कधीचाच होता. आता मिंटच्या तिन्ही आवृत्त्यांची स्वच्छ आभासी यंत्रं ठेवली आहेत आणि दर चाचणीनंतर ती मूळ स्थितीला परत नेते. डिस्कवरची १०० जीबी जागा जाते, ती जाऊ दे.

अकारविल्हे लावणं. पुस्तकांची यादी मराठी क्रमाने लागावी म्हणून मी पायथनच्या लोकॅलवर (प्रणालीतली भाषेची मांडणी) अवलंबून होते. प्रणाली इंग्रजीत बसवलेली असेल तर मराठी लोकॅल तयारच केलेला नसतो आणि प्रोग्रॅम ‘असमर्थित लोकॅल’ म्हणून पडतो. पूर्वी मी प्रत्येक यंत्रावर तो हाताने तयार करत असे आणि विसरूनही गेले होते. आता पायआयसीयू हे भाषांचे क्रम जाणणारं पॅकेज वापरते. त्यात मराठीचा क्रम आधीच आहे, ळ हा ह च्या नंतर येतो, जसा आपल्या वर्णमालेत येतो. शीर्षकांची यादी आता शाळेत शिकलेल्या क्रमाने लागते हे पाहून मला मनापासून आनंद झाला.

आवृत्तीचं नाव. चाचणीच्या पॅकेजला ‘१.०-बीटा’ म्हटलं. मग खरं ‘१.०’ आलं तर एप्ट म्हणतं हे जुनं आहे. डेबियनच्या हिशोबात आडव्या रेषेनंतरचा भाग पॅकेजची पुनरावृत्ती धरला जातो, म्हणून बीटा मोठं ठरलं. चाचणीसाठी नागमोडी चिन्ह वापरायचं, ‘१.०~बीटा’. ते मूळ आकड्याच्या आधी येतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

दोन वाचनालयं एका दिवसात. आधी मिंट २०. डेबवर दोनदा क्लिक, डेब बसवणारं जीडेबी उघडलं, पासवर्ड, साधारण ३० एमबीची पॅकेजं हॉटस्पॉटवरून उतरली, मेनूत नाव आलं. तिथल्या ग्रंथपाल ताईंनी स्वतः केलं, मी हात लावला नाही. मग प्रोग्रॅम उघडेना. ‘सिंटॅक्स एरर’. थकबाकीचा हिशोब नव्याने लिहिताना मी पायथनचं ‘मॅच’ वापरलं होतं, ते ३.१० पासून आलं. मिंट २० मध्ये पायथन ३.८. अ‍ॅपइमेजच्या काळात मी ३.११ सोबत नेत होते, त्या सवयीने लिहिलं गेलं. तिथेच बसून चार ‘इफ’ लिहिले. चाळीस मिनिटं गेली. आभासी यंत्रावर पॅकेज बसलं एवढंच मी पाहिलं होतं, थकबाकीचं पान उघडलं नव्हतं आणि नवा भाग शेवटच्या रात्री घातला होता. यापुढे शेवटच्या रात्री काहीही घालायचं नाही.

दुपारी ३२ बिटी यंत्र. तिथे पॅकेज उघडलंच नाही: ‘कंट्रोल.टार.झेडएसटी’ ही फाइल दाबून लहान करण्याची पद्धत अनोळखी. उबुंटू २१.१० पासून डीपीकेजी झेडस्टँडर्डने दाबतं. एलएमडीई ५ ज्यावर उभं आहे त्या डेबियन ११ च्या डीपीकेजीला ती पद्धत कळत नाही. लॅपटॉपवर ‘एक्सझेड’ पद्धतीने पुन्हा बांधलं आणि बसलं. दोन जीबी मेमरीच्या त्या संगणकावर प्रोग्रॅम सहा सेकंदांत उघडला. मराठी टाइप झालं. चिठ्ठी छापली गेली.

एक आडवी गोष्ट, पण उपयोगी पडेल. इथला बारकोड स्कॅनर कळफलकासारखा वागतो. मराठी कळफलक चालू असताना पुस्तक स्कॅन केलं तर आयएसबीएनचे आकडे देवनागरीत आले. पायथनला देवनागरी आकडेही आकडे म्हणून समजतात, पण डेटाबेसमध्ये मजकूर म्हणून शोधताना ते जुळत नाहीत. आता त्या रकान्यातले आकडे आधी एका लिपीत आणते.

शनिवार, १५ नोव्हेंबर

परदेशातल्या एका महाराष्ट्र मंडळाच्या पुस्तकपेटीचं काम पाहणाऱ्या गृहस्थांचा मेल आला. त्यांना प्रोग्रॅम हवा आहे, त्यांच्याकडे फेडोरा हे दुसऱ्या घराण्याचं लिनक्स आहे. डेब तिथे चालणार नाही. तिथलं आरपीएम पॅकेजही बांधायचं तर एकटीच्या बळावर दोन पॅकेज पद्धती सांभाळणं आलं. म्हणून फ्लॅटपॅक. खरं सांगायचं तर मनात असंही आलं की हे जमलं तर पाचही वाचनालयं फ्लॅटपॅकवर नेता येतील आणि एकच गोष्ट सांभाळावी लागेल.

केडीईचा ५.१५-२४.०८ हा रनटाइम (क्यूटीसकट प्रोग्रॅमला लागणारी तयार सामग्री) आणि त्यावर पायक्यूटीचा तयार पाया घेतला. मॅनिफेस्ट, म्हणजे बांधणीची कृती, लिहायला एक संध्याकाळ. प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात उघडला. चाळीस पुस्तकं घालून पाहिली, सगळं व्यवस्थित. बंद करून पुन्हा उघडला तर यादी रिकामी.

हे मी ठळकपणे सांगते, कारण कुठे त्रुटीचा संदेशही येत नाही. मी डेटाबेसचा पत्ता ‘होममधलं .लोकल/शेअर’ असा थेट लिहिला होता. फ्लॅटपॅकच्या आत, परवानगी नसेल तर, होम फोल्डर तात्पुरतं असतं. लिहिणं यशस्वी होतं आणि प्रोग्रॅम बंद झाला की ते नाहीसं होतं. क्यूटीला ‘डेटा ठेवायची जागा कुठली’ असं विचारलं की तो बरोबर ‘.व्हार/अ‍ॅप’ खालची कायमची जागा सांगतो. एका ओळीचा बदल. हे एखाद्या वाचनालयात घडलं असतं तर दिवसभराची देवघेव गेली असती.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आजचा दिवस वाया गेला, आणि चूक माझी होती. फ्लॅटपॅकची एकच फाइल बांधून पेन ड्राइव्हवर घेतली आणि हॉटस्पॉटवाल्या मिंट २२ च्या वाचनालयात गेले. ती फाइल म्हणजे फक्त आमचा प्रोग्रॅम. रनटाइम तिच्यात नसतो. मिंटमध्ये फ्लॅटहब हे फ्लॅटपॅकचं भांडार आधीपासून जोडलेलं असल्याने त्याने रनटाइम उतरवायला सुरुवात केली, ग्राफिक्सच्या भागासकट पाचशे एमबीच्या घरात. काकांचा दिवसाचा डेटा दीड जीबी. गावात सिग्नल दोन काड्या. तास-सव्वा तासाने उतरणं अडकलं आणि काकांच्या मुलाचा ऑनलाइन वर्गही बुडला. मी थांबवलं आणि माफी मागितली.

रनटाइमही पेन ड्राइव्हवर नेण्याची सोय फ्लॅटपॅकमध्ये आहे, ‘क्रिएट-यूएसबी’ ही आज्ञा. तिच्यासाठी फ्लॅटहबच्या नोंदीला आधी ‘कलेक्शन आयडी’ द्यावा लागतो. पण पुढे रनटाइमची प्रत्येक सुधारणाही त्याच वाटेने न्यावी लागेल. काकांकडे ३० एमबीची पॅकेजं एकदा उतरली की पुढची प्रत्येक आवृत्ती ४०० केबीची आहे, त्यापुढे या पर्यायाचं काही चालत नाही.

एसटीत बसून ठरवलं. पाचही वाचनालयांना डेब. फेडोरा आणि बाकीच्यांना फ्लॅटहबवरून फ्लॅटपॅक. दोन पद्धती सांभाळाव्या लागतील, चालेल.

रविवार, ३० नोव्हेंबर ते शुक्रवार, १२ डिसेंबर

फ्लॅटहबकडे अर्ज केला. तिथले परीक्षक बारकाईने पाहतात आणि त्यांचं प्रत्येक म्हणणं रास्त होतं. बांधणी चालू असताना इंटरनेट मिळत नाही, म्हणून पायआयसीयू व इतर पायथन पॅकेजांचे पत्ते आणि हॅश (फाइलीची ओळख पटवणारे आकडे) आधीच मॅनिफेस्टमध्ये द्यावे लागले. ते तयार करणारी पिप जनरेटरची स्क्रिप्ट आहे, ती वापरा, हाताने लिहू नका. प्रोग्रॅमची माहिती मी फक्त मराठीत लिहिली होती. मूळ मजकूर इंग्रजीत आणि मराठी त्याचं भाषांतर म्हणून द्यावं लागतं. मला ते थोडं लागलं, पण नियम सगळ्यांना सारखा आहे.

सगळ्यांत उपयोगी आक्षेप होता अख्ख्या होम फोल्डरच्या परवानगीवर. राखीव प्रत पेन ड्राइव्हवर घेता यावी म्हणून मी ती मागितली होती. परीक्षकांनी सांगितलं, फाइल निवडण्याची खिडकी पोर्टलमार्फत, म्हणजे बाहेरच्या प्रणालीकडून, उघडा, परवानगी लागणार नाही. तसं केलं तरी खिडकीत पेन ड्राइव्ह दिसेना. कारण पूर्वी कधीतरी, बटणं मराठीत दिसावीत म्हणून, मी ‘प्रणालीची खिडकी वापरू नको’ असा पर्याय दिला होता. तेव्हा उघडत होती क्यूटीची स्वतःची खिडकी, आणि तिला सॅंडबॉक्सच्या, म्हणजे फ्लॅटपॅकच्या बंदिस्त जागेच्या, बाहेरचं काही दिसत नाही. तो पर्याय काढला, परवानगीही काढली. डेबमध्येही हीच खिडकी आता बरी दिसते.

वेलँड या लिनक्सच्या नव्या चित्र-व्यवस्थेवर खालच्या पट्टीत प्रोग्रॅमचं चित्र येत नव्हतं. डेस्कटॉप फाइलचं नाव आणि प्रोग्रॅम स्वतःला जे नाव सांगतो ते एकच असावं लागतं.

१० तारखेला मंजुरी मिळाली. १२ ला फेडोरावाल्या गृहस्थांनी त्यांच्या पेटीतल्या पहिल्या पुस्तकाच्या नोंदीचं छायाचित्र पाठवलं.

शनिवार, १३ डिसेंबर

आपोआप सुधारणा. लॉन्चपॅड या उबुंटूच्या संकेतस्थळावरचा पीपीए (स्वतःचं पॅकेज-भांडार) उबुंटूच्या मालिकांसाठी बांधतो, एलएमडीईला त्याचा उपयोग नाही. आमचं पॅकेज सगळीकडे एकच असल्याने रेप्रेप्रो हे साधन वापरून स्वतःचं छोटं भांडार केलं आणि साध्या स्थिर होस्टिंगवर ठेवलं. पॅकेजं आमचीच आहेत हे यंत्राला कळावं म्हणून जीपीजीच्या किल्लीने डिजिटल सही केली. किल्ली जोडायची ‘एप्ट-की’ ही आज्ञा कालबाह्य झाली आहे, किल्ली वेगळ्या फाइलीत ठेवून भांडाराच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ लिहायचं. किल्ली ‘ईटीसी/एप्ट/कीरिंग्ज’ मध्ये टाकली तर मिंट २० वर ते फोल्डरच नसतं, म्हणून ‘यूएसआर/शेअर/कीरिंग्ज’ निवडलं.

किल्ली आणि भांडाराची ओळ दोन्ही डेबच बसवतं. म्हणजे एकदा क्लिक केलं की पुढचं मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये (पट्टीतलं ढालीचं चित्र) येतं. असं भांडार गुपचूप जोडणं मला बरोबर वाटत नाही, म्हणून पाचही ग्रंथपालांना आधी फोन करून सांगितलं आणि पॅकेजच्या वर्णनात पहिल्या ओळीत लिहिलं.

किल्लीची खासगी प्रत दोन पेन ड्राइव्हवर, एक घरी, एक आईकडे. ती हरवली तर पाचही ठिकाणी पुन्हा जावं लागेल.

शनिवार, २० डिसेंबर

हिशोब. सगळे मिळून ११६ तास, त्यातले अ‍ॅपइमेजवर २८ आणि फ्लॅटपॅकवर ३७. प्रवास व पेन ड्राइव्ह धरून ३,१४० रुपये. फ्लॅटहबला आणि भांडाराच्या जागेला काही पैसे पडले नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर एक गोष्ट वेगळी करेन. मिंटची स्वतःची बरीच साधनं पायथन आणि जीटीके (क्यूटीसारखाच खिडक्या-बटणांचा संच) यांत लिहिलेली आहेत, ते सगळं तिथे बसवलेलंच असतं. मी जीटीके निवडलं असतं तर पहिल्या वेळची ३० एमबीही बरीचशी वाचली असती. आता संच बदलायची ताकद नाही.

दोन कामं उरली आहेत. फ्लॅटपॅकच्या रनटाइमची ज्या पायावर बांधणी आहे त्या फ्रीडेस्कटॉप २४.०८ ला दोन वर्षांचा आधार, म्हणजे येत्या ऑगस्टपर्यंत पुढच्या रनटाइमवर जायला हवं. आणि मिंट २० व एलएमडीई ५ या दोन्हींची मुदत संपली आहे. मिंट २० चं यंत्र जानेवारीत २२ वर नेते. एलएमडीई ७ ने ३२ बिटी सोडलं आहे, त्यामुळे तिथल्या ताईंसाठी वापरलेला ६४ बिटी संगणक शोधते आहे.

काल संध्याकाळी १.०.२ भांडारात टाकलं. आज सकाळी अकराच्या सुमारास पहिल्या वाचनालयातले काका फोनवर म्हणाले, “ताई, ढालीवर ठिपका होता, मी दाबला. पासवर्ड मागितला, तोही दिला. ‘थकबाकी’ च्या पानावर तारीख आता बरोबर येते. तुम्ही कधी येऊन गेलात?”